उलट वाचनाची विद्या व तिचा आरंभ

गतवर्षीं आमच्या शाळेची सहल नाणेघाटास गेली होती. घाटाच्या माथ्याशीं जें लेणें आहे, त्याच्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिका हिचा ब्राह्मी लिपींतील लेख कोरलेला आहे. केलेल्या यज्ञांचीं नांवें आणि दक्षिणा म्हणून दिलेल्या गाई, घोडे, हत्ती व कार्षापण यांच्या संख्या, असा त्यांतील मजकूर मी मुलांस समजावून सांगत होतों. इतक्यांत आणे गांवचा एक विद्यार्थी मध्येंच म्हणाला, “सर, हें वाचायला जो सगळ्यांत आधीं शिकला, त्याला कोणीं शिकवलें ?”

प्रश्न साधा होता. परंतु मला त्याचें उत्तर तेथल्या तेथें नीट देतां आलें नाहीं. शिवाय विचारणारा तोच मुलगा होता, ज्याला दोन महिन्यांपूर्वीं मीं संगणकाच्या खोलींतून बाहेर काढिलें होतें. त्यानें एका खेळाची फाइल उघडून तिच्या पोटांतील अंकांच्या रांगा पडद्यावर मांडल्या होत्या व वहींत कांहीं उतरून घेण्याचें काम चालविलें होतें. हा आतां शाळेचा संगणक बिघडविणार असें मला वाटलें. मीं कारण न विचारतां त्याची वही मिटविली आणि सत्र संपेपर्यंत त्या खोलींत पाऊल टाकण्यास मनाई केली. लेण्यांतील त्याचा प्रश्न ऐकल्यावर माझ्या ध्यानांत आलें कीं, त्या दिवशीं संगणकापुढें बसून तो याच प्रश्नाचें उत्तर शोधीत होता. त्याला द्यावयाचें राहून गेलेलें उत्तर आज या पानांवर देण्याचें योजिलें आहे.

संगणकाची आज्ञावली माणूस प्रथम माणसास वाचतां येईल अशा भाषेंत लिहितो. मग कंपायलर नांवाचें साधन तिचें रूपांतर यंत्राच्या अंकांत करितें. आपल्या हातीं येते ती बहुधा ही अंकांत उतरलेली आज्ञावली होय. मूळ लेखन कर्त्यापाशींच राहतें. कर्त्यानें वस्तूंस दिलेलीं नांवें व समासांत लिहिलेल्या टिपा या रूपांतरांत बहुतेक गळून जातात. मागें उरलेल्या अंकांवरून कर्त्याचा विचार शोधीत जाणें, यास इंग्रजींत रिव्हर्स इंजिनिअरिंग म्हणतात. मी त्यास उलट वाचन म्हणतों. माझें मत असें कीं, ही विद्या शाळेच्या वयांतच शिकण्यास योग्य आहे. मात्र तिचा आरंभ दुसऱ्याच्या कुलपापासून न करितां स्वतः घडविलेल्या लहानशा वस्तूपासून करावा.

प्रथम त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळूं. ब्राह्मी लिपि वाचण्याचा मान जेम्स प्रिन्सेप यांस आहे. ते कलकत्त्याच्या टांकसाळींत अधिकारी होते. सांचीच्या स्तूपावरील पुष्कळ लहान लहान लेखांचे ठसे त्यांच्यापुढें आले, तेव्हां त्यांना असें दिसलें कीं, बहुतेक लेखांच्या शेवटीं तींच दोन अक्षरें येतात. निरनिराळ्या माणसांचे इतके लेख एकाच शब्दानें कां संपावेत ? धर्मस्थानीं लोक दान देतात, तेव्हां तो शब्द ‘दानं’ असावा, असा त्यांनीं तर्क केला. तर्क खरा ठरला. ‘द’ आणि ‘न’ हातीं आले; त्यांच्या आधारानें इतर अक्षरें सुटत गेलीं आणि १८३७ सालीं लिपि उलगडली. अंकांची कथाही अशीच आहे. नाशिकच्या लेण्यांत उषवदाताच्या लेखांत तीन हजार कार्षापणांची रक्कम शब्दांतही दिली आहे व शेजारीं अंकांतही दिली आहे. ज्ञात गोष्ट अज्ञाताच्या शेजारीं बसलेली सांपडली, म्हणजे अज्ञात फार काळ अज्ञात राहत नाहीं. रेव्हरंड जॉन स्टीव्हन्सन या स्कॉटिश मिशनऱ्यानें सह्याद्रींतील लेण्यांचे लेख वाचण्याचे आरंभींचे परिश्रम केले, आणि नाणेघाटांतील अंकांवर पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं १८७६ सालीं आपला प्रसिद्ध निबंध लिहिला.

तेव्हां, बाळा, त्यांना कोणीं शिकविलें, तर लेखानेंच शिकविलें. जें वारंवार येतें तें आधीं पाहावें. जें ठाऊक आहे त्याच्या आधारानें न ठाऊक असलेल्याकडे जावें. आणि केलेला तर्क दुसऱ्या ठिकाणीं लावून पाहिल्यावांचून खरा मानूं नये. उलट वाचनाचें सारें शास्त्र या तीन गोष्टींत आहे. संगणकाच्या बाबतींत त्या कशा लागू पडतात तें आतां सांगतों.

पहिली पायरी अंकांची आहे. यंत्रांतील मजकूर सोळाच्या पायावर मांडून दाखविण्याची रीति आहे. नवापर्यंत आपलेच अंक, आणि दहापासून पंधरापर्यंत ए, बी, सी, डी, ई, एफ हीं इंग्रजी अक्षरें. दोन चिन्हांच्या गटास बाइट म्हणतात. त्यांत मावणारी सर्वांत मोठी संख्या एफएफ, म्हणजे आपले २५५. हें गणित सातवीच्या मुलास दोन दिवसांत येतें.

दुसरी पायरी आपल्याच भाषेची आहे. एका साध्या फाइलींत ‘कखग’ एवढेंच लिहून ती यूटीएफ-८ या प्रचलित पद्धतीनें जतन करावी व तिच्या आंतील बाइट दाखविणाऱ्या साधनांत उघडावी. तेथें ई० ए४ ९५, मग ई० ए४ ९६, मग ई० ए४ ९७ असे नऊ बाइट दिसतील. प्रत्येक अक्षर तीन बाइटांचें. पहिले दोन तेच, व तिसरा वर्णमालेच्या क्रमानें एकेक वाढणारा. सांचीच्या लेखांत प्रिन्सेपना जसें ‘दानं’ वारंवार दिसलें, तसें तुम्हांस हें ई० वारंवार दिसेल. पुढें ‘कि’ आणि ‘की’ असें लिहून पाहावें. ऱ्हस्व वेलांटीच्या जागीं ई० ए४ बीएफ येतें. दीर्घ वेलांटीच्या जागीं मात्र ई० ए५ ८० येतें. येथें मधला बाइट कां बदलला ? तिसऱ्या बाइटाचें घर बीएफपाशीं भरतें, म्हणून मधला एकानें वाढतो व तिसरा पुन्हां ८० पासून मोजूं लागतो, जसा आपल्या मोजणींत नवानंतर हातचा येतो. हें ज्यानें स्वतः शोधून काढिलें, त्याला उलट वाचनाची गोडी लागली असें समजावें. पुस्तकांत उत्तर वाचणाऱ्याच्या वांट्यास ती गोडी येत नाहीं.

तिसरी पायरी म्हणजे स्वतःचें कुलूप घडविणें. त्यासाठीं सी भाषेचा थोडा परिचय हवा. दहा-बारा ओळींची एक आज्ञावली लिहावी. तिनें परवलीचा शब्द विचारावा. शब्द जुळल्यास ‘आंत या’ म्हणावें, न जुळल्यास ‘परत जा’ म्हणावें. परवलीचा शब्द ‘जुन्नर’ असा इंग्रजी अक्षरांत ठेवावा. मग कंपायलरकडून तिचें यंत्ररूप करून घ्यावें, आणि मूळ लेखन आपण कधीं पाहिलेंच नाहीं असें समजून त्या यंत्ररूपाकडे जावें. स्ट्रिंग्ज नांवाचें एक छोटें साधन आहे. तें फाइलींतील वाचनीय इंग्रजी शब्द वेंचून दाखवितें. तें चालवितांच इतर शब्दांच्या गर्दींत आपला ‘जुन्नर’ उघडा पडलेला दिसेल. आपण कुलपाची किल्ली कुलपालाच टांगून ठेविली होती, हें कळून विद्यार्थी चपापतो. मोठमोठे लोकही ही चूक करितात, हें त्यास पुढें कळेल.

चौथी पायरी यंत्रभाषेची आहे. ऑब्जडंप किंवा घिड्रा या साधनानें तें यंत्ररूप उघडावें. घिड्रा हें अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेनें घडविलें आणि २०१९ सालीं सर्वांस विनामूल्य दिलें. त्यांत एका बाजूस यंत्राच्या आज्ञा दिसतात व दुसऱ्या बाजूस त्यांवरून अनुमानानें रचिलेलें सी-सारखें लेखन दिसतें. आरंभीं सगळें वाचूं जाऊं नये. ‘परत जा’ हे शब्द कोठें वापरले आहेत तेवढें शोधावें, व तेथून मागें मागें जावें. दोन शब्द ताडून पाहणाऱ्या एका कार्यास हांक मारलेली दिसेल. त्याची रीति अशी कीं, शब्द सारखे असल्यास उत्तर शून्य येतें. त्यापुढें उत्तर शून्य आहे कीं नाहीं याची परीक्षा, आणि त्यापुढें उडीची आज्ञा. कल्याणहून आलेली मोटार आळेफाट्यावर पोहोंचली म्हणजे पाटी पाहून सरळ आण्याकडे तरी जाते, नाहीं तर पुण्याच्या अगर नाशिकच्या रस्त्यास लागते. तसाच हा फांटा आहे. आज्ञावली केवढीही मोठी असो, ती अशा असंख्य फांट्यांचीच बनलेली असते, आणि वाचणाऱ्याचें काम प्रत्येक फांट्यावरची पाटी वाचणें हें आहे. जीडीबीसारख्या साधनानें ही मोटार वाटेंत हवी तेथें थांबवितां येते व त्या क्षणीं तिच्यांत काय भरलें आहे तें तपासतां येतें.

यानंतर आपलें कुलूप थोडें कठीण करावें. शब्द उघडा न ठेवितां त्याचा प्रत्येक बाइट एका ठराविक संख्येशीं मिसळून ठेवावा आणि तें पुन्हां वाचून पाहावें. नंतर मित्रानें केलेलें कुलूप घ्यावें, व त्याला आपलें द्यावें. हें साधल्यावर, सरावासाठींच मुद्दाम रचून लोकांस खुलीं दिलेलीं जीं कुलपें आहेत, त्यांच्याकडे वळावें. पहिल्या दिवसापासून एक वही ठेवावी. तिच्या पानाचे दोन भाग करावे : डावीकडे ‘असें वाटतें’, उजवीकडे ‘पडताळून पाहिलें’. डावीकडील गोष्ट पुराव्यावांचून उजवीकडे नेणें हें या विद्येंतील असत्य भाषण होय.

आतां अलीकडे प्रश्न टाकतांच उत्तर देणारीं यंत्रें घरोघर पोहोंचलीं आहेत. यंत्रभाषेचा तुकडा त्यांस दिला असतां तीं त्याचा अर्थही सांगतात. मग एवढे कष्ट कशास ? तीं यंत्रें वापरूं नयेत असें मी म्हणत नाहीं. परंतु चुकीचें उत्तरही तीं बरोबर उत्तराच्याच ठामपणें देतात. आणि ज्याला स्वतः वाचतां येत नाहीं त्याला या दोहोंतील भेद कळत नाहीं. त्यांचें सांगणें वहीच्या डाव्या भागांत लिहावें. उजव्या भागाचें काम आपलें आपणच केलें पाहिजे.

याहून गंभीर आक्षेप नीतीचा आहे. दुसऱ्यानें बंद करून दिलेली वस्तु उघडून पाहणें ही चोरी नव्हे काय ? मिशन शाळेच्या शिक्षकानें हें शिकवावें काय ? मीं जेव्हां त्या मुलाची वही मिटविली, तेव्हां माझ्याही मनांत हीच शंका असावी. तिचें उत्तर आपल्याच इतिहासांत आहे. मुंबईस अमेरिकन मिशनचा छापखाना होता. तेथील छपाई पाहून गणपत कृष्णाजी या गृहस्थांस आपणही असें करावें असें वाटलें. त्यांनीं तें काम निरखिलें, स्वतःच्या हातानें यंत्र तयार केलें, शाईचे प्रयोग केले, आणि १८३१ सालीं मराठी पंचांग छापून काढिलें. मिशनच्या छापखान्यांतून त्यांनीं एक खिळाही उचलून नेला नाहीं. नेलें तें ज्ञान, आणि त्यामुळें मराठी वाचकाचें घर भरलें, मिशनचें कांहीं उणें झालें नाहीं. संगणकाच्या व्यापारांतही असें उदाहरण आहे. १९८२ सालीं निघालेल्या कॉम्पॅक कंपनीनें आयबीएमच्या यंत्राशीं जुळणारें यंत्र केलें, तेव्हां एका गटानें मूळ आज्ञावलीचें वागणें अभ्यासून त्याचें वर्णन लिहिलें, आणि मूळ लेखन ज्यांनीं कधींच पाहिलें नव्हतें अशा दुसऱ्या गटानें त्या वर्णनावरून नवी आज्ञावली रचिली. कल्पना घेणें आणि लेखन उचलणें यांतील सीमा त्यांनीं दोन खोल्यांमधल्या भिंतीसारखी पाळली.

आपला कायदाही ही सीमा ओळखतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणें, रीतसर मिळविलेली आज्ञावली तिच्या नेहमींच्या कामांत चालवीत असतां तिचें वागणें निरखून तिच्या मुळाशीं असलेलीं तत्त्वें जाणून घेणें हें उल्लंघन होत नाहीं; तसेंच स्वतंत्रपणें रचिलेल्या दुसऱ्या आज्ञावलीशीं तिचा मेळ घालण्यास आवश्यक ती माहिती, अन्यथा सहज मिळत नसल्यास, काढणेंही होत नाहीं. परंतु विकत घ्यावयाचा खेळ कुलूप मोडून फुकट वांटणें, किंवा परवानगीवांचून दुसऱ्याच्या संगणकांत शिरणें, हा आठव्या आज्ञेचाही भंग आहे आणि कायद्याचाही. विद्यार्थ्यानें स्वतःस एकच प्रश्न विचारावा : मी हें कर्त्यासमोर बसून करूं शकेन काय ?

आणि ही विद्या आपल्या मुलांनीं शिकावी, याचें कारण केवळ कुतूहल नव्हे. ऑगस्ट २०१८ मध्यें पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या यंत्रणेंत अनिष्ट आज्ञावली घुसवून ११ व १३ तारखेस मिळून सुमारें ९४ कोटि रुपये काढून नेण्यांत आले. चोरट्यांस जी विद्या येते, ती रखवालदारास येत नसेल तर वाडा कसा राखावा ? त्याच्या आदल्या वर्षीं, मे २०१७ मध्यें, वॉनाक्राय नांवाच्या आज्ञावलीनें जगांतील अनेक देशांत संगणक कुलूपबंद करून खंडणी मागितली. इंग्लंडांतील मार्कस हचिन्स या तरुणास तिच्या अंतरंगांत, कोणीं नोंदविलेलें नाहीं असें एक संकेतस्थळाचें नांव आढळलें. त्यानें तें नोंदवितांच तिचा फैलाव थांबला. कारण तें नांव जिवंत आहे असें दिसल्यास थांबावें, असा एक फांटा तिच्यांतच होता. अनेक इस्पितळांची अडचण करणारें संकट एका वाचकामुळें आवरलें. मात्र नवशिक्यानें अशा विषारी आज्ञावल्यांस हात लावूं नये. त्यांचें काम वेगळ्या, तोडून ठेविलेल्या यंत्रावर व जाणत्याच्या देखरेखीखालीं होत असतें.

आतां त्या मुलाची हकीकत पुरी करितों. सहलीनंतर कांहीं दिवसांनीं या वार्षिकाचे जुने अंक नव्यानें जतन करण्याचें काम माझ्याकडे आलें. वीस वर्षांपूर्वींच्या एका अंकाची मराठी फाइल उघडली, तों पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा व चिन्हांचा निरर्थक कचरा ! त्या काळच्या टंकांत मराठी अक्षरें इंग्रजी अक्षरांच्या जागीं बसविलेलीं असत; तो टंक आतां आमच्यापाशीं नव्हता. सगळें पुन्हां टंकावें, तर दीडशें पानें. तेव्हां मला ती मिटविलेली वही आठवली. मीं त्या मुलास बोलाविलें. तो आला. जुन्या गोष्टीचा त्यानें उल्लेख केला नाहीं, आणि तो करण्याचें धैर्य मलाही झालें नाहीं.

त्यानें कपाटांतील छापील प्रत मागून घेतली व ती पडद्याच्या शेजारीं ठेविली. नाशिकच्या लेण्यांतील शब्द आणि अंक जसे शेजारीं होते तशीच. सर्वांत अधिक वेळां येणारें चिन्ह कोणतें, हें त्यानें प्रथम मोजिलें; तो काना निघाला. मग एक अडचण आली. ‘कि’ हें अक्षर जुन्या टंकांत डोळ्यांस दिसतें त्या क्रमानें, म्हणजे आधीं वेलांटी व मग ‘क’, असें होतें. नव्या पद्धतींत उच्चाराप्रमाणें ‘क’ आधीं येतो. ‘धर्म’ या शब्दांत उलटा प्रकार : जुन्या टंकांत रफार ‘म’च्या नंतर, नव्यांत ‘र’ त्याच्या आधीं. हे दोन नियम सांपडण्यास त्याला आठवडा लागला. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटीं अंक वाचतां येऊं लागला. सबंध अंकांत एकच चिन्ह उरलें आहे. तें एकदांच येतें, आणि नेमकें त्या पानावर, जेथें छापील प्रत वाळवीनें खाल्ली आहे. संदर्भावरून तें कोणतें असावें हें मीं त्याला सांगितलें. त्यानें माझें म्हणणें आपल्या वहींत डाव्या बाजूस लिहून घेतलें. उजवी बाजू अजून कोरी आहे.

पालकांस व सहशिक्षकांस माझी एवढीच विनंति आहे. मूल एखादी वस्तु उघडून पाहत असेल, तर आधीं विचारावें कीं, तें काय शोधीत आहे. मनाई करण्याची वेळ आलीच, तर ती त्यानंतर करावी. मालकानें दिलेलें द्रव्य जमिनींत पुरून ठेवणाऱ्या चाकराची गोष्ट आपण मुलांस दरवर्षीं सांगतों. परंतु पुष्कळदां मुलाच्या हातून तें द्रव्य घेऊन पुरणारे आपणच असतों. येत्या जूनपासून शनिवारीं दुपारीं संगणकाची खोली या अभ्यासासाठीं उघडी राहील. येणाऱ्यानें दोन रकान्यांची वही आणावी. त्या खोलींतून मीं ज्याला एकदां बाहेर काढिलें, त्यालाच पहिल्या शनिवारीं नव्या मुलांस ‘कखग’ दाखविण्याची मीं विनंति केली आहे, आणि त्याची क्षमाही मागितली आहे.